सबनीसकाका पाहून आले

कोणताही फॉरवर्ड आला की सबनीसकाका आधी बूट घालायचे. मग मंकी कॅप, मग कापडी पिशवी आणि मग मेट्रो. बाकीचे लोक मेसेज वाचत, हळहळत आणि अंगठ्याने पुढे ढकलत. काका जाऊन बघून येत. 'करोल बागेत जुना मोबाइल द्या, नवा कुकर न्या' असा मेसेज आमच्या दिल्लीतल्या, पटपडगंजच्या सोसायटीत फिरला, तेव्हा दुपारपर्यंत काका तिथे जाऊन परतही आले होते. ग्रुपवर त्यांचा शेरा आला, 'सदर दुकान अस्तित्वात आहे. कुकर नाहीत. मालक सकाळपासून लोकांपुढे हात जोडत आहे. कृपया त्यास जेवू द्यावे. – वि. ग. सबनीस.'

काका एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले होते. जन्मभर फायलींवर टिपणं लिहिलेला माणूस, त्यामुळे मोबाइल हातात आल्यावर त्यांनी तोही फायलीसारखाच चालवायला घेतला. मी शेजारी राहणारी, गुरुग्रामला नोकरी करणारी, घाईत असणारी. मला जिन्यात अडवून ते समजावत. "अगं मृणाल, फाइल पुढे पाठवायची म्हणजे खाली सही आली. उद्या विचारणा झाली तर उत्तर आपण द्यायचं. आणि हे तुमचे फॉरवर्ड? ना शेरा, ना सही. मेट्रोत सांगतात ना, बेवारस सामानाला हात लावू नका, तसं आहे ते."

यातून कोणीच सुटायचं नाही. वरच्या मजल्यावरचे लेले रोज सकाळी ग्रुपवर उगवत्या सूर्याचं चित्र टाकत. एका नोव्हेंबरात काका गच्चीवर जाऊन आले आणि त्या चित्राखाली लिहिलं, 'सदर सूर्य दिल्लीत आढळून आला नाही. समोरची इमारतही आढळली नाही.' लेल्यांनी अबोला धरला. पुढे तेही नमले आणि चित्राखाली 'सूर्य जुना आहे' अशी तळटीप देऊ लागले.

काकांची खरी ख्याती झाली ती देशमुखमावशींच्या निधनामुळे. मावशी आमच्या मराठी मंडळाच्या भजनाच्या बाई, राहायला करोल बागेत. एका रविवारी मंडळाच्या ग्रुपवर भिंतीवरच्या त्यांच्या फोटोचा फोटो आला. चौकट, चौकटीला झेंडूचा हार. बघता बघता खाली भावपूर्ण श्रद्धांजली, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो, हात जोडलेल्या चित्रांची रांग. मीही हात जोडून मोकळी झाले होते. इतक्यात काका दारात उभे. "पाहून आलीस?"

"काका, अशा वेळी पाहायचं काय असतं?"

"अशाच वेळी पाहायचं असतं. चल."

वाटेत त्यांनी एक हार घेतला आणि पाव किलो पेढेही घेतले. मी बघतच राहिले, तर म्हणाले, "पाहणी पूर्वग्रह ठेवून करायची नसते. दोन्ही शक्यतांची तयारी पाहिजे."

दार मावशींनीच उघडलं. डोक्याला मेंदी, हातात चमचा. घडलं होतं ते इतकंच की, आदल्या दिवशी मंडळाने त्यांचा सत्कार करून त्यांचाच मोठा फोटो त्यांना भेट दिला होता. मुलाने तो हौसेने भिंतीवर लावला, आणि सत्काराचा हार ठेवायला दुसरी जागा सुचेना म्हणून त्याच चौकटीला अडकवून फोटो काढून ग्रुपवर टाकला. काकांनी हार मुकाट्याने पिशवीत ढकलला आणि पेढे पुढे केले. मावशींनी पेढा तोंडात टाकून माझ्या फोनवर सगळ्या श्रद्धांजल्या वाचून काढल्या. "या लेल्यांनी नुसते हातच जोडलेत. दोन ओळी लिहायला काय झालं होतं यांना?" त्या दुखावल्याच. मग स्वतः टाइप केलं, 'मी आहे. गुरुवारचं भजन होईल.' काकांनी त्याखाली सही केली.

पण पाहणीचं हे वेड एकदा जिवावर बेतलं. एका हिवाळ्यात गुरुग्रामच्या एका उंच सोसायटीत बिबट्या शिरल्याचा मेसेज आला. काका गेले. गेटवर, बागेत, पार्किंगमध्ये दिसेल त्याला विचारत सुटले, "आपने खुद देखा? बच्चे यहाँ किस वक़्त खेलते हैं?" बिबट्या म्हणजे एका रहिवाशाचा पिवळा, लठ्ठ कुत्रा निघाला. काका खुशीत परत आले. आठवडाभरात आमच्या ग्रुपवर एक नवा फॉरवर्ड येऊन पडला: 'सावधान. बच्चा उठानेवाला. पहले पूछता है बच्चे कब खेलते हैं. दिखे तो छोड़ना मत.' खाली अंधुक फोटो. मंकी कॅप आणि कापडी पिशवी.

असल्या मेसेजवरून लोक कुणालाही धरून मारतात, हे दिल्लीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी धावत काकांकडे गेले, तर ते बूट घालत होते.

"कुठे निघालात?"

"पाहणीला. हा इसम ओळखीचा वाटतो. पण वाटणं म्हणजे पाहणं नव्हे."

"काका, हा इसम तुम्ही आहात."

"तसा माझाही अंदाज आहे," ते लेस बांधत म्हणाले.

काकूंनी पिशवी लपवली, मी दार अडवलं. "मारतील हो ते तुम्हाला," काकू म्हणाल्या. काका म्हणाले, "मी नाही गेलो, तर उद्या मंकी कॅप घातलेला दुसरा कुणीतरी मार खाईल. दिल्लीत हिवाळ्यात मंकी कॅप कोण घालत नाही?" काकूंनी पिशवी काढून दिली. मी सोबत गेले, पण मेट्रोत सबंध वेळ मला त्यांची ती टोपी ओढून काढावीशी वाटत होती.

गेटवर दहा-पंधरा माणसं क्षणात गोळा झाली. पुढे एक गृहस्थ हातात मुलाची बॅट घेऊन उभे होते. "यही है, यही है." गार्डने फोनवरचा फोटो वर धरला. काकांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला, फोटो पाहिला, आपली पिशवी पाहिली. "टोपी मिलती है. थैला मिलता है. आदमी यही है." मी डोळे मिटून घेतले. "फोटो सही है. अब आगे. बच्चा उठाता है, ये आपमें से किसने देखा?"

"आपको ये फोटो किसने भेजा?" काकांनी गार्डला विचारलं. गार्डला एका मॅडमनी. मॅडमना वरून बोलावण्यात आलं. त्यांना त्यांच्या योगाच्या ग्रुपवर. योगाच्या ग्रुपवर टाकणाऱ्या बाईंना फोन लागला. जमाव, आता मारायचं विसरून, फोनांवर मागे मागे जात होता. 'छोड़ना मत' योगाच्या बाईंनी काळजीने घातलं होतं, 'बच्चा उठानेवाला' त्यांच्या दिरांनी. आणि मुळात फोटो काढणारे निघाले बॅटवाले गृहस्थ. त्यांनी फक्त लिहिलं होतं, 'ये अंकल कौन हैं?'

"मैंने तो बस पूछा था, यार," ते ओशाळून म्हणाले.

"पूछना अच्छी बात है," काका म्हणाले. "पर मैं सामने ही खड़ा था, भाईसाहब. मुझसे पूछ लेते."

त्यांनी बॅट खाली ठेवली. मॅडमनी चहा मागवला. काकांनी चहा घेतला, कुत्र्याची पुन्हा एकदा खात्री करून घेतली आणि आम्ही निघालो. मेट्रोत त्यांनी एका हाताने दांडा धरला. दुसरा मी धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही. मला काकांचा फार राग आला होता आणि फार अभिमानही वाटत होता. संध्याकाळी ग्रुपवर शेरा आला, 'सदर इसम मीच. मुले पळवत नाही. ही बाब मी जन्मापासून स्वतः पाहत आलो आहे. – वि. ग. सबनीस.'

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. काकूंनी सकाळी मला हाक मारली. मीच मंडळाच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर चार शब्द टाकले आणि खाली माझं नाव लिहिलं. उत्तर आलं नाही. एकही हात जोडलेला नाही, एकही श्रद्धांजली नाही. ज्या ग्रुपवर नारळाच्या पाण्याच्या फायद्यांना टाळ्या पडतात, तिथे काकांसाठी कुणाला एक अक्षर लिहवेना, याचा मला इतका संताप आला की मी फोन बंद करून ठेवला.

मग बेल वाजली. लेले होते. आत गेले, काकांपाशी उभे राहिले, डोळे पुसत बाहेर आले. मग खालच्या मजल्यावरचे लोक आले. मग मंडळाची माणसं, कुणी नोएडाहून, कुणी मुनिरक्याहून. दाराबाहेर बुटांचा ढीग झाला. जो बाहेर येई तो जिन्यात उभा राहून फोन काढी. मी माझा फोन पुन्हा सुरू केला. ग्रुपवर एकाखाली एक ओळी येत होत्या, 'मी पाहून आलो. – लेले.' 'मी पाहून आले. – कुलकर्णी.'

देशमुखमावशी सगळ्यांत शेवटी आल्या, धापा टाकत. लिफ्ट बंद होती. हातात कापडी पिशवी. आत जाण्याआधी त्या माझ्याकडे बघत थांबल्या.

"काय आणलंत, मावशी?"

"दोन्ही आणलंय गं," त्या म्हणाल्या.

त्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, तेव्हा पिशवीत फक्त पेढे होते.