मावशीने न मारलेला शिक्का

माझ्या मावशीच्या उजव्या हाताची तीन बोटं तिच्याच कचेरीत, तिच्याच टेबलावर, भर दुपारी मोडली गेली. मोडणारे दोघे सख्खे भाऊ होते. पलीकडच्या खोलीत बसलेल्या माणसाला तिची प्रत्येक किंकाळी ऐकू जात होती. त्याने उठून दाराला आतून कडी लावली.

मावशी नोटरी होती. आधी वीस वर्षं वकिली केली, मग सरकारकडून नोटरीची सनद मिळाली तेव्हा कोर्टासमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक खोली घेतली. एक टेबल, तीन खुर्च्या, बाहेर एक बाक, टेबलावर रबरी शिक्का, शाईचा पॅड, फायली शिवायचं दाभण आणि कागदावर उठावाचा शिक्का उमटवणारं लोखंडी यंत्र. यंत्र इतकं जड की खोली झाडताना ते कुणी हलवत नसे, त्याच्याभोवतीनंच केरसुणी फिरे.

लोकांना वाटतं, नोटरीचं काम म्हणजे ठप्पा मारणं. मावशीला हे कुणी म्हटलं की ती चष्मा काढून ठेवायची आणि मग समोरच्याची धडगत नसे. "अहो, तो ठप्पा पडला की कोर्ट कागदावर विश्वास ठेवतं. खोटा आहे हे सिद्ध करायचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर जातं. म्हणजे मी काय सांगते, तर हा माणूस माझ्यासमोर बसला होता, तोच हा, त्याला कागद कळला होता, आणि सही त्यानं मनातून केली. एवढं माझ्या जिवावर सांगते मी." सही करणारा समोर हवा, हे तिचं पहिलं आणि शेवटचं कलम. आमचे काका, म्हणजे तिचे यजमान, सगळ्या पाहुण्यांना सांगायचे, "लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा हिनं आधी माझं ओळखपत्र मागितलं."

पलीकडच्या खोलीतल्या नोटरीचं असं काही नव्हतं. मध्ये फक्त प्लायवूडचा पडदा. त्याच्याकडे सकाळी कागदांचा गठ्ठा यायचा आणि दुपारी शिक्के मारून जायचा. माणसं यायचीच नाहीत. मावशीनं त्याचं नाव 'टपालखातं' ठेवलं होतं, आणि ते त्याच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं ती घ्यायची.

एका सोमवारी सकाळी दोन भाऊ एका बाईला घेऊन मावशीकडे आले. गावाबाहेर त्यांची लाकूड कापायची गिरणी होती, म्हणून सगळे त्यांना गिरणीवाले म्हणत. बाप वर्षापूर्वी गेला होता. गिरणी आणि तिच्यामागची जागा तिघांच्या नावावर लागली होती: थोरला, धाकटा आणि ही मधली बहीण. नवरा वारल्यावर ती परत माहेरी राहत होती. थोरल्यानं मुखत्यारपत्र टेबलावर ठेवलं. बहिणीच्या वतीनं सगळे व्यवहार, विक्रीसुद्धा, थोरल्या भावानं करावेत, असा मजकूर.

"बहिणीचीच इच्छा आहे," थोरला म्हणाला. "तिला कोर्टकचेरीचं काही कळत नाही."

बहिणीचा खालचा ओठ फुटून सुजला होता. बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. मावशीनं ओळखपत्र बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं बाहेर बाकावर बसा."

"कशाला? आम्ही घरचेच आहोत."

"म्हणूनच."

दार लागलं. मावशीनं कागद वाचून दाखवायला सुरुवात केली, पण बहिणीनं तिला मध्येच थांबवलं. बाही वर केली. मनगटावर दोरीचे वळ होते, काळे-निळे. "काल मला गिरणीतल्या खांबाला बांधलं होतं," ती कुजबुजली. "करवत चालू केली धाकट्यानं, आणि माझा हात धरून पुढे नेला. इतका पुढे." तिनं बोट आणि अंगठ्यात वीतभरही नाही एवढं अंतर दाखवलं. "बाई, वाचू नका. मारा शिक्का. मला गिरणी नको, जागा नको. मला घरी जाऊन शांतपणे झोपायचंय."

मावशी नंतर आम्हाला सांगायची, की आयुष्यात तिच्यापुढं इतका अवघड कागद कधीच आला नव्हता. जिला वाचवायचं तीच सांगत होती, मार शिक्का.

"तुझ्या मनात आहे का हे?" मावशीनं विचारलं.

"मनात काय असतंय आता."

"मग मला मारता येत नाही शिक्का. तू पोलिसात चल माझ्याबरोबर. आत्ता. मी येते."

बहीण हसली. फुटक्या ओठानं हसता येत नव्हतं तरी हसली. "आणि परत राहायचं कुठं? तुमच्याकडे?"

तेवढ्यात थोरल्यानं दार ढकललंच. मावशीनं कागद त्याच्या हातात परत दिला आणि सांगितलं, की सही स्वखुशीची नाही, मी हे प्रमाणित करणार नाही. त्यानं बहिणीचा दंड धरला आणि तिला जिन्यानं खाली नेलं. तिच्या चपलेचा एक पट्टा तुटला, तरी तो थांबला नाही.

मावशीनं खणातली एक पातळ वही काढली. साक्षांकित केलेल्या कागदांची मोठी नोंदवही प्रत्येक नोटरीला ठेवावीच लागते, पण मावशी नाकारलेल्या कागदांचीही वही ठेवायची. ही तिची स्वतःची खोड. तिनं तारीख, वेळ, कागदाचा मजकूर आणि कारण लिहिलं: 'सही करणारी व्यक्ती दडपणाखाली. ओठ फुटलेला. दोन्ही मनगटांवर दोरीचे वळ. करवतीची धमकी दिल्याचं तोंडी सांगितलं.' मग पोलीस ठाण्यात फोन केला. तिथं तिला सांगण्यात आलं, की बाईनं स्वतः येऊन तक्रार द्यायला हवी.

त्याच दुपारी गिरणीत भावांनी बहिणीला सागाच्या पट्टीनं मारलं. नोटरीला काय सांगितलंस, म्हणून. धाकट्याचा एक फटका डोळ्यावर बसला. ती पडली, डोकं ओट्यावर आपटलं, आणि उठलीच नाही. शेजारच्या बाईनं आरडाओरडा केल्यावर त्यांनी तिला दवाखान्यात टाकलं आणि जिन्यावरून पडली असं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी, ती बेशुद्ध असताना, थोरला भेटायला गेला. नर्सची पाठ फिरल्यावर त्यानं तिचा अंगठा शाईत बुडवून मुखत्यारपत्रावर दाबला.

बुधवारी दुपारी दोघं मावशीच्या कचेरीत परत आले. या वेळी बहीण नव्हती.

"अंगठा झालाय," थोरला म्हणाला. "सोमवारची तारीख टाका आणि मारा. जागा घेणाऱ्याला तुमचाच शिक्का हवाय."

मावशीनं अंगठा बघितला. शाई कडेला पसरली होती, जशी हात ढिला पडलेल्या माणसाची पसरते. "ती कुठंय?"

"घरी झोपलीय."

"उठव आणि आण तिला. मी थांबते."

धाकट्यानं मागे वळून दार लावलं. थोरल्यानं टेबलावर वाकून मावशीची मान धरली आणि तिचं तोंड टेबलावर आपटलं. चष्म्याची काच फुटून भुवईत घुसली. रक्त डोळ्यात उतरलं. "शिक्का मार," तो म्हणाला, अगदी शांतपणे, जसं कुणी चहा मागावा. ती म्हणाली, "सही करणारा समोर हवा." खरं सांगायचं तर ते धैर्य नव्हतं, असं मावशीच म्हणायची. दुसरं वाक्यच सुचलं नाही. इतकी वर्षं तेच बोलायची सवय.

थोरल्यानं तिचा उजवा हात ओढून यंत्राच्या जबड्यात घातला आणि दांडा दाबला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा सगळं अंग त्यावर टाकून. हाडं मोडल्याचा आवाज मावशीनं आधी ऐकला, दुखणं मागून आलं. ती ओरडली. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कडीचा.

तिचा डावा हात टेबलावर चाचपडत होता. दाभण हाताला लागलं. तिनं ते मुठीत घेतलं आणि थोरल्याच्या मांडीत मुठीपर्यंत खुपसलं. तो जनावरासारखा ओरडून मागं पडला. धाकट्यानं मावशीला खुर्चीवरून खाली पाडलं आणि छातीत, पोटात, बरगड्यांवर लाथा घातल्या. ती हलायची थांबली तेव्हा थांबला. मग त्यानं यंत्र पुसलं, कागदावर शिक्का उमटवला, तिच्या रबरी शिक्क्याखाली वेडीवाकडी सही ठोकली, सोमवारची नोंद नाही हे दिसू नये म्हणून मोठ्या नोंदवहीतली शेवटची आठ-दहा पानं फाडून खिशात कोंबली आणि भावाला खांद्यावर घेऊन निघून गेला. पातळ वही खणातच राहिली. नाकारलेल्या कागदांची वही कुणी ठेवत असेल, हे त्यांच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

गुरुवारी मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा मावशीचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. चार बरगड्या मोडल्या होत्या. काका तिच्या उशाशी बसून तिला पाणी पाजत होते आणि निम्मं पाणी उशीवर सांडत होतं. मावशीनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या खाटेवर कोण आहे, बघ."

कोपऱ्यातल्या खाटेवर गिरणीवाल्यांची बहीण होती. डाव्या डोळ्यावर जाड पट्टी. आदल्या संध्याकाळीच शुद्धीवर आली होती.

मावशीनं तिथंच सगळं जुळवलं. शिक्का बसलेला कागद घेऊन थोरला केव्हाही जागा विकू शकत होता. तो अडवायचा तर बहिणीनं जाहीर करायला हवं होतं, की मी असं मुखत्यारपत्र दिलेलंच नाही, आणि माझ्या नावानं असेल तर ते रद्द. तो कागदही प्रमाणित करून घ्यावा लागणार. मावशी स्वतः करू शकत नव्हती. ती आता या भांडणात एक पक्ष होती. वर हातही नव्हता.

"दुसरा नोटरी आणते मी," मी म्हणाले.

आणावा लागलाच नाही. संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत टपालखातं स्वतःच आलं. दारात उभं राहिलं. साठीचा माणूस, हातात पिशवी, डोळे लाल.

"ताई," तो म्हणाला, "मी कडी लावली हो."

"ऐकलं मी," मावशी म्हणाली.

"मला काही म्हणा."

"म्हणायला श्वास पुरत नाहीये. नोंदवही आणलीय का?"

त्यानं पिशवीतून शिक्का आणि नोंदवही काढली. मग कोपऱ्यातल्या खाटेशी बसून त्यानं आमच्या देखत बहिणीला मावशीनं सांगून लिहवून घेतलेल्या कागदाचा शब्दन् शब्द वाचून दाखवला. डॉक्टरांकडून ती शुद्धीवर असल्याचं लिहून घेतलं. तीनदा विचारलं, कुणी जबरदस्ती करतंय का. मावशी खाटेवरून बघत होती. मध्येच ओरडली, "ओळखपत्र!" त्यानं मुकाट्यानं ते मागितलं.

खटला दोन वर्षं चालला. भावांच्या वकिलानं थोरल्याच्या मांडीचा फोटो दाखवून सांगितलं, की बाईनं सोमवारी राजीखुशीनं शिक्का मारला, बुधवारी भांडण उकरून काढलं आणि दाभणानं हल्ला केला. शिक्का तर खराच होता. कागद खोटा ठरवायचं ओझं आमच्यावर आलं. मग पातळ वही कोर्टापुढं गेली. सोमवारचीच तारीख, वेळ, फुटलेला ओठ, दोरीचे वळ. दवाखान्याचे कागद आले: मंगळवारी दिवसभर रुग्ण बेशुद्ध, पण उजव्या अंगठ्याला शाई, अशी नर्सची नोंद. टपालखात्यानं उभं राहून सांगितलं, की मी सगळं ऐकलं आणि घाबरून दार लावलं. थोरल्याला सात वर्षं झाली, धाकट्याला पाच. मुखत्यारपत्र रद्द झालं.

निकालाच्या दिवशी मावशी बहिणीला भेटायला व्हरांड्यात गेली. तिला वाटलं असेल, दोघी रडतील, गळ्यात पडतील. बहिणीचा डावा डोळा गेला होता. ती भिंतीला टेकून उभी होती.

"बाई, तुम्ही बरोबर वागलात," ती म्हणाली. "सगळे तेच म्हणतात. पण त्या सोमवारी शिक्का मारला असता, तर गिरणी गेली असती. डोळा राहिला असता."

मावशीनं मान हलवली. नाही म्हणायला नव्हे, ऐकलं म्हणून. परत येताना रिक्षात काकांनी काहीतरी विनोद करायचा प्रयत्न केला, तो अर्धवट सोडून दिला.

तिची तीन बोटं शेवटपर्यंत सरळ झाली नाहीत. डाव्या हाताच्या सहीचा नमुना सरकारकडे नव्यानं नोंदवून तिनं आणखी अकरा वर्षं काम केलं. कलम तेच होतं, पण एक गोष्ट बदलली. अंगावर वळ असलेलं माणूस समोर आलं, की ती आतून दार लावायची, पोलीस येईपर्यंत ते उघडायची नाही, आणि त्या माणसाला रात्री राहायला जागा ठरल्याशिवाय 'शिक्का मारणार नाही' हे शब्द तोंडातून काढायची नाही. त्या अकरा वर्षांत आमच्या घरी चार बायका आणि एक म्हातारे गृहस्थ राहून गेले. काकांनी त्यांच्यासाठी बाहेरच्या खोलीत एक खाट कायमची घालून ठेवली.