विकणारं कुणी माहीत आहे का?

आमच्या दुबईतल्या, करामातल्या घराच्या दारात तो यायचा तेव्हा फक्त एक बूट काढायचा. उजवा. डावा तसाच पायात. मोज्यातला उजवा पाय पायपुसण्यावर, डावा जिन्यात, असा उभा राहून म्हणायचा, "वहिनी, एकच मिनिट. गावाकडं विकायचं काही आहे का?"

मी नाही म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न. "बरं, विकणारं कुणी माहीत आहे का?"

आता मला सांगा, सरळ माणूस एक तर दोन्ही बूट काढतो, नाहीतर एकही काढत नाही. अर्धवट उभा राहणारा माणूस पळायच्या तयारीत असतो, असं माझं पहिल्या दिवसापासूनचं मत. आमचे हे म्हणायचे, "अगं, लेस सुटायला वेळ लागतो त्याची." ह्यांना सगळं जगच भोळं दिसतं.

तो नगरकडचा. रास अल खोरला एका गोदामात स्टोअरकीपर होता, खोलीवर सहाजण. नव्वदीची मधली वर्षं होती ती. तेव्हा तिकडे आपल्यासारख्यांना जागा घेता येत नसे, त्यामुळे जो तो गावाकडच्या जमिनीची स्वप्नं बघायचा. कुणाला घ्यायची असायची, कुणाला विकायची. ह्याच्या डोक्यात आलं की दोघांच्या मध्ये उभं राहावं. विकणाऱ्याकडून कागद करून घ्यायचा, तोच कागद घेणाऱ्याला जास्त भावात द्यायचा. धंदा नवा, भांडवल शून्य, जीभ मात्र गोड.

गिऱ्हाईक शोधायच्या त्याच्या एकेक तऱ्हा तुम्ही पाहायला हव्या होत्या. हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स काढून किराणा दुकानात, लाँड्रीत चिकटवायचा. शुक्रवारच्या सुट्टीत बस पकडून अबुधाबीकडे मुसफ्फाच्या कामगार कॅम्पात जायचा आणि कोकणातल्या पोरांच्या खाटांवर बसून त्यांच्या आजोबांची नावं विचारायचा. कुणी कायमचं गावी निघालं की हा दोरी आणि चिकटपट्टी घेऊन हजर. खोकी बांधून द्यायचा, फुकट. बांधता बांधता विचारायचा, "काका, आता तिकडं दोन घरं काय करायचीत तुम्हाला?"

एकदा तर कहरच केला. आमच्या मराठी मंडळाच्या सत्यनारायणाला प्रसाद वाटायचं काम ह्यानं आपणहून घेतलं. माझा शिरा खाऊन झाला आणि बघते तर कागदी बशीच्या खाली चिठ्ठी चिकटवलेली, 'जमीन, घर, प्लॉट. ताबडतोब विक्री.' सेक्रेटरी चिडले. हा हात जोडून म्हणाला, "खलास, साहेब. पुढच्या वेळी नाही." पण तोवर सगळ्या बश्या वाटून झाल्या होत्या.

मी ह्यांना बजावून ठेवलं होतं की आपल्या गुहागरच्या जागेचं ह्याच्यापुढे अवाक्षर काढायचं नाही. गावठाणातली मोकळी जागा होती. ह्यांच्या आणि मोठ्या भाऊजींच्या नावावर. लेकीला पुण्यात इंजिनिअरिंगला घालायचं, तर परदेशवाल्यांच्या कोट्यातली फी आमच्या पगारात बसणारी नव्हती. जागा विकली तरच तिचा प्रवेश, नाहीतर नाही. आणि सासऱ्यांच्या तेराव्याला भांडण झाल्यापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. भाऊजींच्या सहीशिवाय त्या जागेतली काडीही हलणार नव्हती.

मी तोंड मिटून होते. पण एकदा दार उघडलं लेकीनं. ह्यानं नेहमीचा प्रश्न विचारला आणि आमचं कन्यारत्न म्हणालं, "पपा वॉन्ट्स टू सेल, बट काका वोन्ट साइन."

झालं! त्या दिवशी त्यानं दुसराही बूट काढला.

तो सुट्टीवर जायचा होता. दोन वर्षांतून एकदा मिळणारी सुट्टी. त्यातून वेळ काढून हा नगरचा माणूस कोकणात उतरला, भाऊजींकडे राहिला आणि परत आला तो त्यांचा होकार घेऊनच. आम्ही पाहतच राहिलो. जे जवळच्या नातेवाइकांना जमलं नाही ते ह्या उपटसुंभाला कसं जमलं?

"भाऊंनी निरोप दिलाय," तो ह्यांना म्हणाला. "म्हणाले, धाकटा वेळेवर जेवतो का, ते बघून मला कळव."

हे उठून गॅलरीत गेले. मी मात्र हलले नाही. भाऊजींना मी चांगली ओळखते. त्यांनी आयुष्यात कुणाला जेवलास का म्हणून विचारलेलं नाही.

"खरंच असं म्हणाले भाऊजी?" मी विचारलं.

"इन्शाल्ला, वहिनी."

आता इन्शाल्ला म्हणजे देवाच्या मनात असेल तर; होऊन गेलेल्या गोष्टीला कुणी तसं म्हणतं का? मला तिथंच पक्कं कळलं की हा थापा मारतोय.

मग त्यानं कागद पुढे केला. विकणाऱ्यांची नावं होती, किंमत होती, घेणाऱ्याच्या नावापुढे मात्र कोरी जागा. "ते नंतर भरू," म्हणाला. मी ह्यांचा हात धरला. म्हटलं, कोऱ्या कागदावर सही करणारी माणसं देशोधडीला लागतात. हे म्हणाले, "दादानं हो म्हटलंय ना? मग झालं." आणि केली की सही!

कोऱ्या जागेत कुणाचं नाव बसणार, ते मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कळलं. पाटणकर वहिनी, आमच्या मागच्याच बिल्डिंगमधल्या, तिळगूळ देता देता म्हणाल्या, "आम्ही जागा घेतोय गं. गुहागरला. रिटायर झाल्यावर बंगला बांधू."

"कुठे गुहागरला?"

त्यांनी देवळामागची, विहिरीजवळची खूण सांगितली आणि माझ्या हातातला तिळगूळ तसाच राहिला. मी किंमत विचारली. त्यांनी सांगितली. मी आमची सांगितली. दोघी तिथंच उभ्या राहून हिशेब करायला लागलो. सहा हजार दिरहमचा फरक! म्हणजे साठ हजार रुपये! अहो, अख्ख्या अमिरातीत ह्याला गिऱ्हाईक मिळालं ते एकाच मंडळातल्या, एकाच हळदीकुंकवाला जाणाऱ्या दोन बायकांच्या घरी. नवशिका म्हणतात तो हाच.

शुक्रवारी दोघींनी मिळून त्याला आमच्याकडे बोलावला. समोर बसवला. मला वाटलं, कानावर हात ठेवेल, शपथा घेईल. त्यानं काहीच केलं नाही.

"मधलं माझं आहे, वहिनी," तो म्हणाला. "तुमचं ह्यांना माहीत नव्हतं, ह्यांचं तुम्हाला. मी नसतो तर दोघींनी हळदीकुंकू लावून घेतलं असतं आणि घरी गेल्या असत्या."

"पण साठ हजार?" पाटणकर वहिनी कडाडल्या.

तो खाली बघून हसला. "माझा पहिलाच सौदा आहे. बोहनी समजा आणि काय तोडायचं ते तोडा."

आम्ही निम्मे तोडले. त्यानं मान डोलावली. पाटणकरांनी त्याचे पैसे तिथल्या तिथे देऊन टाकले, आणि मी डोक्यावर हात मारून घेतला. अजून भाऊजींची सही व्हायची होती. खरेदीखताला हे जूनच्या आधी गावी जाणार होते. तोवर ह्याला बांधून ठेवायला आमच्या हातात काय उरलं?

आणि झालंही तसंच. एप्रिलमध्ये तो यायचा बंद झाला. मी ह्यांना रास अल खोरला पिटाळलं. गोदामाला कुलूप. खोलीवरची माणसं म्हणाली, कंपनी बसली, व्हिसा कॅन्सल झाला, तो गेला. कुणी म्हणालं गावी, कुणी म्हणालं मस्कतला.

"गेला पैसे घेऊन," मी म्हटलं. "आता भाऊजी फिरणार. लेकीचं ॲडमिशन गेलं समजा." घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. लेक दार लावून बसली होती. हेही माझ्याशी वाद घालेनात, म्हणजे बघा.

ह्यांचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं तेव्हा संध्याकाळी फोन वाजला. गावच्या एसटीडी बूथवरून भाऊजी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"सुधा, काल तुमचा तो माणूस आला होता," ते म्हणाले. "त्याची नोकरी गेली म्हणे. घरी जाता जाता वाट वाकडी करून आला. रजिस्ट्रारकडे काय काय न्यायचं ते सगळं समजावून सांगितलं. सकाळी गेला. कुठे जातोस विचारलं तर सांगेना."

भाऊजी पुढे म्हणाले, "तू फटकळ आहेस, पण खोटं बोलत नाहीस. म्हणून सहीच्या आधी तुला विचारतो. तो दोन्ही वेळा मला हेच सांगून गेला की दिनू तिथं माझी आठवण काढून रडतो. खरं आहे का हे?"

आला का राग मला त्या मेल्याचा! लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हासुद्धा नाही. भावाचं नाव तर घरात निघतच नसे. हा खुशाल काहीही सांगून निघून गेला आणि खरं-खोटं करायला मला उभं केलं. हे समोरच्या सोफ्यावरून खुणेनं विचारत होते, कोण आहे म्हणून.

"खरं आहे, भाऊजी," मी म्हटलं.

भाऊजी म्हणाले, "दे त्याला फोन."

मी रिसीव्हर पुढे केला. म्हटलं, "दादा आहेत." ह्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. "दादा" एवढंच म्हणाले आणि पुढे शब्द फुटेना. तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. लेक दार उघडून बाहेर आली आणि तिथंच उभी राहिली. पलीकडून भाऊजी ओरडत होते, ते मला लांबूनही ऐकू येत होतं. "अरे बोल ना, दिनू. बोल काहीतरी. मीटर पडतंय इथं."