नाथाच्या दारात मंगलचा श्वास

सांगलीत आमचं बिऱ्हाड हळदीच्या पेठेत होतं. खाली गोदाम, वर आमच्या दोन खोल्या. यजमान त्याच गोदामात तोलाईचं काम करत. हंगामात पिवळी धूळ जिन्यानं वर यायची आणि अंथरुणा-पांघरुणांवर बसायची. माझी मंगल चालू-बोलू लागली तशी धापाही टाकू लागली. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. देव्हाऱ्यापुढे मी बसायची खरी, पण हात जोडताना मनात यायचं, ज्यानं लेकरू दिलं त्याला पुरेसा श्वास द्यायला काय झालं होतं?

आमचे डॉक्टर वयस्कर होते. एकदा ते म्हणाले, "बाई, मी दवाखाना घातला तेव्हा दम्याचं पोर क्वचित दिसायचं. आता पेठेतून, गिरणीच्या बाजूनं, दाटीच्या चाळींतून सारखी येतात. का वाढलंय ते मलाही नीट उलगडत नाही. धूळ, धूर, ओल, काहीतरी आहे. हिला कोरड्या हवेत ठेवून बघा. गुण येईलच असं सांगत नाही."

आटपाडीला माझ्या नणंदेचं घर होतं. वन्संना मूलबाळ नव्हतं. मंगलला त्यांच्याकडे ठेवायचं ठरलं. सासूबाई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे मला तिच्याबरोबर राहता येईना. तिला सोडून एस.टी.नं परत येताना माझी मांडी इतकी हलकी वाटत होती की पिशवी उचलून मी ती मांडीवर घेतली.

मग दिवस तसेच गेले. दुपारी सासूबाईंचं आवरलं की खिडकीत उभी राहून मी शाळेतून येणाऱ्या पोरी बघायची. तिचा परकर धुवून ठेवलेला होता तरी पुन्हा धुवायची. गावाकडून निरोप यायचा, पोरगी छान आहे, खेळते, जेवते. ऐकून आनंद व्हायचा आणि त्या आनंदातच काहीतरी टोचायचं. आटपाडीजवळच्या खरसुंडीच्या सिद्धनाथाला मी नवस बोलले होते, "नाथा, माझं लेकरू मला परत दे. तिला घेऊन तुझ्या पाया पडेन."

उन्हाळा सरता सरता मी तिला न्यायला गेले. मंगल अंगानं भरली होती. सावळीही झाली होती. आधी नाथाचं दर्शन घेऊ, मग सांगली, असं ठरवलं. यात्रा नसलेला साधा दिवस धरून मी, वन्सं आणि मंगल खरसुंडीला गेलो. पण जतकडचं एक कुटुंब नातवाचा नवस फेडायला जीप करून आलं होतं. आम्ही दारात पोचलो आणि "नाथबाबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत गुलाल उधळला गेला. सगळं लाल झालं. मंगल खोकली, वाकली आणि तिचा श्वास अडकला. ओठ काळे पडायला लागले. मी हात पुढे केले, पण तिनं वन्संच्या पदराला घट्ट धरलं. "आत्या, आत्या," एवढंच तिला म्हणता येत होतं.

त्या गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. नवस तिच्याच घरचा होता. तिनं हात वर करून आपल्या माणसांना थांबवलं. "बास! गुलाल बास. बसाप्पा, जीप काढ."

"आवं आई, आजून दर्शन व्हायचंय," तिचा मुलगा म्हणाला.

"देव हितंच हाय, पळून जात न्हाई. लेकराचा दम गेला तर कुठनं आणायचा?"

तिनं आम्हाला जीपमध्ये बसवलं, स्वतःही चढली. आटपाडीच्या दवाखान्यापर्यंत सारी वाट मंगल वन्संच्या छातीला टेकून बसलेली होती. मी कडेला आक्रसून बसले होते. म्हातारीनं ते पाहिलं असावं. माझा हात धरून तिनं मंगलच्या पाठीवर ठेवला. "ऱ्हाऊ दे तिला तितं. तू हात ठेव की." हाताखाली त्या इवल्याशा बरगड्या वरखाली होत होत्या. मनातलं मागणं तिथंच गळून पडलं. नाथा, माझ्याकडे नको देऊस. तिला श्वास दे, मग ती कुठंही राहो.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. हळूहळू शिट्टी मंदावली, तिला झोप लागली. मी बाहेर आले तेव्हा जीप निघून गेली होती. त्या माउलीचं नावही मला विचारता आलं नाही.

जाग आल्यावर मंगलनं विचारलं, "आई, तू मला न्यायला आलीस?"

"न्हाई गं," मी म्हणाले, "भेटायला आले."

ती तिकडेच वाढली, तिकडेच शिकली. वयाबरोबर तिचा त्रास कमी झाला. आज ती लेकुरवाळी आहे. माहेरपणाला आधी आटपाडीला उतरते, मग माझ्याकडे येते. ते मला लागत नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून देवापुढे मी तिला मागितलेलं नाही. ती येते, दमून माझ्याशेजारी झोपते, आणि तिचा संथ श्वास ऐकत मी नुसती बसून राहते.