ते दोघं साडू नव्हते

आमच्या गल्लीत टीव्हीवरची एक मालिका अजूनही ‘साडूंची मालिका’ म्हणून ओळखली जाते. सकाळी येणाऱ्या भाजीवालीलाही ती याच नावानं ठाऊक आहे. त्या मालिकेत एकही साडू नाही. ते नातं मी घुसडलं. आता या वयात निदान एवढं तरी निस्तरून ठेवावं म्हणून लिहायला बसलो आहे.

मी भवानीनगरला हायस्कूलात इंग्रजी शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर इथंच राहिलो. बारामतीत राहणाऱ्या माझ्या मुलानं भिंतभर टीव्ही आणून लावला, पण त्यावर ती मालिका शोधून दिली ती शेजारच्या आबांच्या मुलानं. आबा साखर कारखान्यात पॅनवर होते. उसाचा रस शिजून त्याची साखर होताना त्यांनी उभा जन्म पाहिला. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. आता चाळिशीच्या पुढं गेला आहे, पुण्यात कंपनीत आहे. लग्न केलं नाही, मित्राबरोबर राहतो, एवढंच गल्लीला माहीत होतं.

मला थोडं जास्त माहीत होतं. कॉलेजात असताना एकदा तो मला कालव्याच्या कडेनं फिरायला घेऊन गेला आणि त्यानं मला सगळं सांगितलं. मी म्हणालो, “अभ्यासाकडे लक्ष दे, जाईल ते.” तो “बरं सर” म्हणाला. त्यानंतरही दर दिवाळीला तो माझ्या पाया पडायला येत राहिला, आणि दर वेळी मला पाय मागं घ्यावेसे वाटत.

गेल्या पावसाळ्यात तो आला तेव्हा रिमोट हातात घेऊन म्हणाला, “सर, ही दोन म्हाताऱ्यांची विनोदी मालिका आहे. परदेशातली. दोघं जोडप्यासारखे राहतात, उगाच भांडतात, मजा आहे. आबांना दाखवा. ते काय बोलतात ते तुम्ही मराठीत सांगत जा. मी बोलण्याआधी त्यांनी अशी माणसं कुठंतरी बघितलेली असू देत.”

मी हो म्हणालो. या वेळी तरी नीट वागू, असं मनाशी ठरवूनच म्हणालो.

पहिल्या संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत पाच जण होतो. मी, माझी बायको, आबा, त्यांची बायको म्हणजे आमच्या वहिनी आणि कोपऱ्यावरचे टेलर चाचा. पडद्यावर एक उंच म्हातारा आणि एक बुटका म्हातारा. बुटक्यानं दारात आलेल्या नव्या शेजारणीला उंचाची ओळख करून दिली: ज्याच्यासोबत मी माझं आयुष्य काढलं, तो हा. मी चित्र थांबवलं. चौघं माझ्याकडे बघत होते.

“काय म्हणतोय?” आबांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघालं, “साडू आहेत दोघं. दोघांच्याही बायका वारल्या. आता एकत्र राहतात.”

“आसं हाय व्हय,” आबा म्हणाले, आणि पाय वर घेऊन निवांत बसले.

खोटं एवढं सोपं होतं. पुढचं मात्र अवघड गेलं, कारण आमच्याकडे नातं सांगितलं की त्याचा हिशोब लागतो. थोरला साडू कोणता? मी उंचाकडे बोट दाखवलं. मग वहिनींनी विचारलं, “आन थोरली कशानं गेली?” मी म्हटलं, तापानं. धाकटी? ती बहिणीच्या दुःखानं. वहिनींनी पदर डोळ्याला लावला आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावर उंच म्हातारा खुर्चीवरून घसरून पडला.

मालिका मात्र सगळ्यांना बेहद्द आवडली. म्हाताऱ्यांनी मागच्या काचेच्या खोलीत टोमॅटो लावले होते. आबांना ते बघवत नसे. “आरं, सुतळीनं वर बांध की त्याला. समदी फळं मातीत लोळायलीत. ह्यांच्या बापानं केलीवती का शेती.” चाचांचं लक्ष कपड्यांवर. “उंचाच्या कोटाची बाही आखूड हाय. येवढ्या थंडीच्या मुलखात कुणी शिवला त्याला हा कोट? माज्याकडं आणला आसता तर पट्टी लावून दिली आसती.” माझ्या बायकोला त्यांचं स्वयंपाकघर बघवत नसे, कारण बशी घासायची कुणी यावर अख्खा भाग निघे आणि शेवटी बशी तशीच राही. बुटका चिडला की दुसऱ्या खोलीत जाऊन मोठ्यानं रेडिओ लावी. “आमचे हे पण आसंच करत्यात,” वहिनी म्हणत, आणि आबा म्हणत, “मी कवा लावला?” तेवढ्यात पुढचा विनोद निघून जाई.

आणि मी प्रत्येक वाक्यातून काहीतरी गाळत असे. त्यांनी एकमेकांचा हात धरला की मी म्हणे, बुटक्याला चक्कर आली. लग्नाच्या आठवणीचा भाग आला तेव्हा मी ते त्या दोन बहिणींचं लग्न करून टाकलं, एकाच मांडवात. वहिनींना फार बरं वाटलं.

पुण्याहून फोन येई. “सर, आबा काय म्हणतात?”

“हसतात रे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात.”

हे मात्र खरं होतं. त्यामुळेच घोटाळा वाढला. एकदा हे ऐकून तोही हसला. मग म्हणाला, “सर, मग दिवाळीला आम्ही दोघं येतो. आबा एवढे हसतात म्हणजे आता भीती नाही.” मी “या की” म्हणालो आणि फोन ठेवून गच्चीवर जाऊन बसलो.

तिथंच मला पुढची गोष्ट दिसली. सर्वपित्री अमावास्या होती. शेजारच्या पत्र्यावर वहिनी केळीच्या पानांवर घास ठेवत होत्या. सासूचा, सासऱ्यांचा, दिराचा. त्यापुढं आणखी दोन पानं होती. मी विचारलं, ही कुणाची? वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, त्या दोघी बहिणींची. त्या बाप्यांच्या घरात भिंतीला फोटोसुदिक न्हाय त्यांचा. कोण घालणार त्यांना घास?” बोलता बोलता कावळा आला आणि त्यानं बाकी सगळी पानं सोडून आधी त्या दोन पानांनाच चोच लावली. वहिनी समाधानानं म्हणाल्या, “बघा, किती दिवसाच्या उपाशी हुत्या.”

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. जन्मालाच न आलेल्या दोन बायकांना या घरात पान होतं, आणि जो खरा आहे त्याची वाट मी अडवून बसलो होतो.

त्या रविवारी दुपारी मी चौघांना बसवलं, पण टीव्ही लावला नाही. म्हणालो, “मी तुम्हाला खोटं सांगितलं. ते साडू नाहीत. त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे. त्यांचंच लग्न झालंय. बहिणी वगैरे कुणी नव्हत्याच.”

पहिलं कोण बोललं तर वहिनी. “म्हंजी थोरली न्हाई? आन धाकटीबी न्हाई?”

“नाही.”

“मग घास कुणी खाल्ला?”

“कावळ्यानं,” चाचा म्हणाले.

माझी बायको म्हणाली, “मला वाटलंच होतं. साडू कधी एकमेकांशी इतकं बोलतात का.”

आबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “मास्तर, ही मालिका तुमाला लावून कुणी दिली?”

“तुमच्या मुलानं.”

“मला दाखवाया?”

“हो. त्यानं सांगितलं होतं, नीट समजावून सांगा. मी घाबरलो.”

ते जमिनीकडे बघत बसले. त्यांना काय कळलं ते मला दिसत होतं. वहिनींनाही दिसत होतं, कारण त्यांनी एकदम माझ्या बायकोचा हात धरला. मग आबा उठले, चपला घातल्या आणि घरी गेले.

पुढं काही दिवस ते आले नाहीत. कारखान्याच्या फाट्यावर चहाच्या टपरीशी भेटले तर खुर्ची फिरवून बसले. चाचांनी मध्यस्थी करून बघितली. “आबा, मास्तर चुकला, पर त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यांनी काय क्येलंय?” आबांनी त्यांच्याकडेही पाठ फिरवली. दिवाळी जवळ येत होती. पुण्याला फोन करून ‘येऊ नकोस’ म्हणावं की काय, असं मला वाटू लागलं. करायचाच म्हणून एका संध्याकाळी फोन हातात घेतला, तर दारात आबा, मागं वहिनी.

“पयल्यापास्नं लावा,” ते म्हणाले. “आन मधी तुमच्या पदरचं कायबी घालू नका.”

मी चष्मा पुसला आणि लावली. या वेळी जे होतं तेच सांगितलं. ज्याच्यासोबत मी आयुष्य काढलं, तो हा. आबांनी मान हलवली. मी हात धरला म्हणजे हात धरला म्हणालो. चक्कर नाही, ताप नाही. गंमत अशी की खरं सांगताना मला कमी बोलावं लागत होतं आणि विनोद नेमक्या वेळेला पोचत होता. मी आधी किती हसू खाल्लं होतं ते तेव्हा कळलं.

दुसऱ्या भागात बुटका तक्रार करतो की उंचाच्या घोरण्यामुळे आपल्याला कित्येक वर्षांत झोप नाही. आबा खो खो हसले. हसता हसता थांबले आणि वहिनींकडे वळले.

“आपलं पोरगं घोरतंय का गं?”

“तुमच्यावर गेलंय. वासं हलत्यात.”

आबा विचारात पडले. “मग त्या दुसऱ्याला काय झोप लागत नसंल,” ते म्हणाले, आणि काळजीच्या सुरात म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांनी मला बारामतीला नेलं, कापड घ्यायला. आमच्याकडे दिवाळीला घरी आलेल्या माणसाला कपडे करतात, मोकळ्या हातानं परत पाठवत नाहीत. एसटीत त्यांचा एकच घोळ चालला होता. “पाव्हणा म्हणून करायचा तर टॉवेल-टोपी बास. पर तो काय पाव्हणा न्हाय. जावयाचा करावा तर आपल्याकडं पोरगी न्हाय.” कंडक्टर तिकिटाला थांबला होता, तो म्हणाला, “आबा, पयलं कुटं जायचं ती सांगा.”

दुकानात गादीवरच्या माणसानं शर्टाचं कापड पसरत विचारलं, “कुणासाठी बघायचं? कोण लागतात?”

मी मध्ये पडलो नाही. नातं सांगायचं काम माझं नव्हतं, आणि त्या क्षणी मला सुचलंही काही नसतं.

“घरचा हाय,” आबा म्हणाले. “दोन सारखी काडा. आन जरा उजळ दाखवा, पुन्याची माणसं काळपटच घालत्यात.”

कापड थेट चाचांकडे गेलं. मुलाचं माप त्यांच्या डोक्यात होतं. दुसऱ्याचं आबांनी पुण्याला फोन करून विचारलं. खरं कळल्यानंतरचं पोराशी ते पहिलंच बोलणं. मी शेजारीच उभा होतो. आबांनी ना मालिकेचं नाव काढलं ना माझं. “त्याची छाती किती हाय?” एवढंच विचारलं. पलीकडून “कशाला?” असं ऐकू आलं. आबा वैतागून म्हणाले, “आरं, चाचा टेप धरून बसलाय.”

दोघं दिवाळीला आले. तो दुसरा सोलापूरकडचा, हसरा, थोडा लाजरा. आल्या आल्या माझ्या पायाशी वाकले. मुलगा वाकला तेव्हा मी त्याला तिथंच धरून सांगून टाकलं की मी आधी साडू सांगितलं होतं. कालव्याचंही बोललो. त्यानं माझं बोलणं पुरं होऊ दिलं. मग साडू या शब्दावर त्याला असं हसू फुटलं की तो पायरीवरच बसला. दुसऱ्याला कळेना काय झालं. स्वयंपाकघरातून वहिनींनी त्याला सगळं खुलासेवार सांगितलं, थोरलीच्या तापापासून कावळ्यापर्यंत. तोही हसला, पण त्या दोघींचं त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. वहिनींना तो तिथंच आवडला.

संध्याकाळी नवे सारखे शर्ट घालून दोघं आमच्या खोलीत बसले. मी नेहमीप्रमाणं चित्र थांबवून सांगायला लागलो. त्या दुसऱ्याचं काम म्हणजे दिवसभर परदेशी लोकांशी फोनवर बोलायचं. तो हळूच म्हणाला, “सर, तसं नाही म्हणाला तो. त्यानं शिवी दिली.”

“कंची?” आबा पुढं सरकले.

त्यानं मराठीत सांगितली. अगदी आपल्या भागातली वाटावी अशी. चाचा हसताना खोकू लागले, बायकोनं त्यांना पाणी दिलं.

“मास्तर,” आबा म्हणाले, “तुमी तिकडं खुर्चीत बसा आता. ह्याला हितं येऊ दे.”

मी रिमोट त्याच्या हातात दिला आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसलो. सांगायचं काम संपल्यामुळे ती मालिका मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिली. खरंच फार चांगली आहे.