काउबॉयची हॅट चालते

काउबॉयचे पिक्चर मला आवडायचे. अजूनही आवडतात, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. ज्या गोष्टीनं माझं डोकं फिरतं तीच टीव्हीवर लागली की मी हातातलं काम टाकून बघत बसते, याला काय म्हणावं?

पहिल्यांदा ते मी पाहिले बारामतीत, मावशीच्या घरी. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आमच्या कऱ्हाटीहून कॉलेजला रोज एसटीचे हेलपाटे नकोत म्हणून वडिलांनी मला मावशीकडं ठेवलं होतं. मावशीचे यजमान नोकरदार, घरात रंगीत टीव्ही आणि नुकतीच आलेली केबल. दुपारी एका चॅनेलवर इंग्रजी पिक्चर लागायचे. इंग्रजी मला कितीसं कळणार? पण या पिक्चरांत बोलतं कोण! एक माणूस घोड्यावरून येतो, दुसऱ्याकडं डोळे बारीक करून बघतो, वारा सुटतो, एवढ्यातच निम्मा वेळ जातो. मला गोळीबारात गोडी नव्हती. मला आवडायचे ते कळप घेऊन लांबच्या वाटेला लागलेले लोक. ओसाड माळ, उडणारी धूळ, नदीपाशी अडून बसलेली जनावरं, संध्याकाळी उघड्यावर पेटवलेला जाळ. ते बघताना मला घरची आठवण यायची. यायचीच, कारण ते सगळं आमच्याकडं होतं.

आम्ही धनगर. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मेंढरं होती. दिवाळी झाली की आमचा वाडा निघायचा. वाडा म्हणजे बांधकाम नव्हे, बरोबर चालणाऱ्या चार-पाच घरांचा मेळा. घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. पुरुष मेंढरांमागं आणि घोडी बायकांच्या हातात. घोडीवर कुणी ऐटीत बसायचं नाही. तिच्यावर बिऱ्हाड लादलेलं असायचं, पीठमीठ, भांडी, जाळी, कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर आमच्यासारखी पोरं. शाळेत नाव घालेपर्यंत मीही तशीच घाट उतरले आहे. पुढं दावं धरून आई. मुक्कामाला पोचल्यावर ओझं तीच उतरवणार, चूल तीच मांडणार, पाणी तीच शोधणार.

आणि पिक्चरमध्ये बाई काय करते? दारात उभी राहून ॲप्रनला हात पुसते आणि जाणाऱ्या घोड्याकडं ओल्या डोळ्यांनी बघते. "अरे, मग एवढ्या वाटेत ह्यांच्या भाकरी थापतं कोण?" असं मी एकदा टीव्हीला मोठ्यानं विचारलं. मावसभाऊ खो खो हसला. हा मावसभाऊ जीन्स घालायचा आणि काउबॉय दिसला की म्हणायचा, "काय लाइफ आहे यार! ना घर, ना दार, नुसतं मोकळं रान." वाडा गावी असला की बाजारच्या दिवशी आबा मला भेटायला यायचे. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी. ते सोफ्यावर न बसता भिंतीला टेकून खाली बसायचे. तरी हा मोकळ्या रानाचा भक्त पंखा वाढवायचा आणि नाक धरून गच्चीवर जायचा. मेंढराचा वास येतो म्हणे! टीव्हीतल्या गुरांना काय अत्तर लावतात?

माझ्या लग्नाचं जमलं ते या पिक्चरांमुळंच. स्थळ इंदापूरचं होतं. मंडळी आमच्याच समाजातली, पण त्यांची मेंढरं आजोबांच्या वेळीच सुटलेली. मुलगा सरकारी कचेरीत. बघण्याचा कार्यक्रम मावशीच्या घरी झाला. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्यावर आम्हा दोघांना गॅलरीत बोलायला सोडलं. त्यानं विचारलं, "आवड कशाची?" सगळ्या मुली सांगतात तसं मी वाचन, भरतकाम सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "काउबॉयचे पिक्चर." तो एकदम फुललाच! त्यानं पुण्याला जाऊन चक्क तसली हॅट आणली होती, मोठ्या बकलाचा पट्टाही. रविवारी हॅट घालून उजनीच्या पाण्याकडं स्कूटरवर चक्कर मारतो, असं त्यानं लाजत सांगितलं. घोडा नाही म्हणून स्कूटर. मला हसू आलं आणि तो आवडलाही. कळपामागं चालणाऱ्या माणसाचं आयुष्य ज्याला एवढं भावतं, त्याला माझे आबा नक्की कळतील, असं मी धरून चालले. मी होकार दिला.

बोलणी कऱ्हाटीला आमच्या घरी झाली. आमच्यात पाहुण्याला घोंगडीवर बसवायचं, तोच मोठा मान. आईनं जेन घोंगडी, म्हणजे अस्सल लोकरीची काळी, खास ठेवणीतली अंथरली. मुलाच्या मामांनी ती बुटाच्या टोकानं बाजूला सारली आणि खुर्ची मागितली. मी आत चुलीपाशी होते, फटीतून बघत होते. देणंघेणं, तारीख सगळं सुरळीत पार पडलं. मग मामांनी घसा साफ केला.

"एक हाय, राव. लग्नाला हापिसचे साहेब लोक येणार हायती. तवा मेंढरं अन् ती घोडी मांडवाच्या आसपास दिसाय नकोत. आन् तुमी... वाईट वाटून घिऊ नका, पर त्यो पटका तेवढा नको. घोंगडी बी नको. शर्ट-पॅन्ट घाला, झालंच तर पांढरी टोपी. फोटू कायमचं ऱ्हात्यात."

तळपायाची आग मस्तकात गेली. आबा काय म्हणतात म्हणून मी कान टवकारले. आबा म्हणाले, "चहा घ्या, गार व्हतुया."

दुसऱ्याच दिवशी मी बारामतीच्या स्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून त्याच्या कचेरीत फोन लावला. लग्न ठरलेल्या मुलीनं असा फोन करणं म्हणजे तेव्हा शोभा. असू दे म्हटलं. तो ओशाळून बोलायला लागला, "मी काही म्हटलं नाही गं. मामांनी परस्पर काढलं. पण साहेब येणारेत, तूही जरा समजून घे ना."

"तुमची हॅट चालते?" मी विचारलं.

"ती स्टाइल आहे."

"ती कुणाची स्टाइल? तिकडं जनावरं वळणाऱ्याचीच ना? मग इकडच्या माणसानं काय घोडं मारलंय?"

काचेबाहेर फोनसाठी उभा असलेला माणूस टकाटका बघत होता. मी सांगून टाकलं, "आबांच्या डोक्यावरचा पटका उतरणार नसेल तर लग्न होईल. उतरणार असेल तर होणार नाही. काय ते आत्ता सांगा." तो म्हणाला, "राहू दे पटका. मी मामांना बघतो." मनापासून म्हणाला, हे मला आजही मान्य आहे. मी रस्त्यावर आले तेव्हा लढाई मारल्यासारखी चालत होते. आबांना हे काही सांगितलं नाही. मुलगी बापाच्या पटक्यासाठी भांडून आली हे बापाला कुठल्या तोंडानं सांगायचं?

लग्न आमच्या दारात, वाडा कोकणातून परत आल्यावर. मेंढरं माझ्या चुलत्यांनी सकाळीच लांबच्या माळावर नेली होती. मी म्हटलं, जाऊ दे, एवढ्या गर्दीत ती बुजलीच असती. नवरदेव बॅन्डवाल्यांच्या पांढऱ्या घोड्यावरून आला. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्याला जरीचा फेटा, त्यावर तुरा. एका हातानं लगाम धरून तो असा काही ऐटीत बसला होता की मला गालातल्या गालात हसू येत होतं. घोडं धरून चालणाऱ्या माणसाकडं कुणी बघत नव्हतं.

मग अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला. समोर नवरा होता, पण मला दिसले ते त्याच्या मागं उभे असलेले आबा. कडक इस्त्रीचा नवा बुशशर्ट, विजार, आणि डोकं उघडं.

मी आबांचं डोकं उन्हात कधी पाहिलंच नव्हतं. कपाळावर भुवयांच्या वर एक रेघ होती. रेघेखालचा चेहरा काळा, रापलेला, आणि रेघेच्या वर सगळं पांढरंफटक, लहान मुलाच्या कातडीसारखं. एवढी वर्षं तिथं ऊन पोचलंच नव्हतं. ते पुन्हा पुन्हा डोक्याकडं हात नेत होते आणि अर्ध्यातच खाली घेत होते. लोक टाळ्या वाजवत होते, बॅन्ड वाजत होता, आणि मला वाटत होतं हार फेकून सरळ पुढं व्हावं आणि मांडवात जो कुणी भेटेल त्याच्या कानाखाली वाजवावी.

पुढं मानपान सुरू झाला. वरपक्षाच्या मानकऱ्यांना फेटे बांधायचे होते. फेटे बांधणारा माणूस बारामतीहून आणलेला. तो एकेकाच्या डोक्याला गुलाबी फेटा गुंडाळत होता आणि प्रत्येक जण आरशात बघून खूश होत होता. साहेबांनाही बांधला. साहेबांनी तर लगेच फोटोग्राफरला हाक मारली. फेट्यांचं ताट घेऊन त्या माणसाच्या मागोमाग चालत होते आबा, उघड्या डोक्यानं. ज्या मामांना पटक्याची लाज वाटत होती त्यांच्या फेट्याचा शेमला पार कमरेखाली लोंबत होता. म्हणजे डोक्याला कापड बांधायची लाज नव्हतीच कुणाला! बांधणारा भाड्याचा असला, रंग गुलाबी असला, आणि संध्याकाळी सोडून परत द्यायचा असला की त्यात मान असतो.

पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडत होत्या. मला रडू येत नव्हतं इतकी मी संतापले होते. आबांच्या पाया पडले आणि तिथंच विचारलं, "कुणी काढायला लावला? मी त्यांच्याशी बोलले होते. ते हो म्हणाले होते."

आबा म्हणाले, "कुणी न्हाय. जावयानं सांगावा धाडला व्हता, पटका घाला म्हणून. म्याच काढला."

"का पण?"

"तुज्या घरी यायजायचं हाय मला. आज ह्यो पटकेवाला कोण म्हणून समद्यांनी बघितलं, की उद्या दारात थांबवत्याल."

मग चिडायचं कुणावर? नवऱ्यावर चिडावं तर त्यानं शब्द पाळलेला. आबांवर चिडावं तर ते माझ्याकडं यायची वाट मोकळी करत होते. जीपमध्ये मी इंदापूर येईपर्यंत बाहेरच बघत होते. नवरा बिचारा दोनदा म्हणाला, "आबा किती वेगळे दिसत होते नाही? साहेबांना वाटलं शाळामास्तर आहेत." तो हे कौतुकानं सांगत होता. ते कौतुक ऐकून माझा जीव आणखीच जळला.

पाऊस उघडल्यावर आबा पहिल्यांदा इंदापूरला आले. पांढरी टोपी घालून आले आणि दारात चपला काढता काढता टोपीही काढून खिशात घातली. त्यांना कुणी दारात थांबवलं नाही. सासूबाईंनी चहापाणी दिलं, नवऱ्यानं सोफ्यावर बसवलं. रविवार होता, टीव्हीवर काउबॉयचा पिक्चर चालू होता. आबा अंग चोरून बघत राहिले. मेंढरं असती तर त्यांनी चार गोष्टी विचारल्या असत्या, पण त्या पिक्चरमध्ये जनावरं नव्हती, नुसतं हॉटेल होतं. काउबॉय आत शिरला, टेबलाशी बसला, जेवायला लागला.

आबा म्हणाले, "ह्यो घरात बसून बी टोपी काढत न्हाय व्हय?"

नवरा हसला. त्याला आवडीचा विषय मिळाला होता. तो पुढं सरसावून समजावून सांगायला लागला, "नाही आबा. त्यांचा मान असतो तो. जीव जाईल पण कुणाच्या सांगण्यावरून हॅट काढणार नाहीत."

"बराबर हाय," आबा म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी उठले आणि टीव्ही बंद केला. नवऱ्यानं बघितलं, सासूबाईंनी बघितलं. मी कुणाचीही भीड ठेवली नाही. "त्याच्या टोपीचा मान तुम्ही माझ्या बापाला शिकवताय? यांच्या डोक्याकडं बघा एकदा. आबा, पुढच्या वेळी तुम्ही पटका बांधून यायचं. कोण दारात थांबवतंय ते मी बघते."

आबांनी कपातला चहा संपवला. मग शांतपणे म्हणाले, "आता कुठला पटका? त्येची म्या झोळी केली. नवी कोकरं घालाय घोडीवर लागती. चांगलं मऊ कापड व्हतं, पेटीत ठिवून काय करायचं?"

त्यांच्या बोलण्यात दुःख नव्हतं. मेंढराचं सांगावं तसं सांगितलं त्यांनी. मी नवऱ्याकडं पाहिलं. माझ्या लक्षात आलं की तो हायसं वाटून मागं टेकला आहे, आता हा विषय मिटला म्हणून. त्याचं ते मागं टेकणं मी अजून माफ केलेलं नाही.