बिनफुलाची कुंडी

आंघोळ करून तुळशीला पाणी घातलं, तांब्यात थोडं उरलं, ते मी शेजारच्या आफ्रिकन व्हायोलेटच्या डोक्यावर ओतलं. देवाच्या नावानं त्यालाही घोटभर, असा माझा उदार विचार. हा उदारपणा आठवडाभर चालला. मग झाडाचा मधला कोंब काळा पडून लिबलिबीत झाला.

ते झाड बायकोच्या थोरल्या बहिणीचं. बडनेऱ्याच्या एका रेल्वे अधिकाऱ्याच्या बाईंनी बदलीच्या वेळी तिला दिलेलं. ताईनं अंथरूण धरलं तेव्हा ते अमरावतीहून अकोल्याला आमच्याकडे आलं. पाणी खालच्या बशीत घालायचं, पानांवरची लव भिजू द्यायची नाही, हे तिनं मला बजावलं होतं. मी वकील, न ऐकता मान हलवायची सवय. फूल आलं की दाखवायला आणा, एवढंच तिचं मागणं होतं.

  बायकोनं सडक्या झाडातलं एक धड पान देठासकट खुडलं, कुंडीतल्या ओल्या वाळूत खोवलं आणि वर काचेचा पेला पालथा घातला. उन्हाळाभर ती कुंडी वाळ्याच्या ताटीमागे, घरातल्या सगळ्यांत गार जागी. मी बाहेरच्या खोलीत घाम पुसत. बाळापूरकडचा एक पक्षकार दारातून आतल्या पेल्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"वकीलसाहेब, पान काहून झाकून ठेवून राहिले? पयते का ते?" पान पळून जाईल, ही शंका मला कधी आली नव्हती.

पावसाळ्यात देठाशी उंदराच्या कानाएवढी पानं फुटली. दिवाळीपर्यंत कुंडी भरली, पण कळी नाही. बायको रोज सकाळी पानं बाजूला सारून आत डोकावायची. ताईचं आता काही खरं नाही, असा साडूंचा निरोप आला, तेव्हा ती तशीच कुंडी मांडीवर घेऊन एसटीत बसली, शेजारी मी.

ताईनं पानांवरून बोट फिरवलं. "लहान झालंय गं," म्हणाली. बायकोनं तिची उशी नीट केली. मग ताईनं कुंडी उजेडाकडे सरकवायला सांगितली आणि माझी वकिली कशी चाललीय ते विचारलं.

थोड्याच दिवसांत ती गेली. दिवस आटोपून आम्ही परत निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत बायको खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे न वळताच म्हणाली, "ताईनं फुलाचं एकदाही विचारलं नाही हो. मी उत्तर पाठ करून गेले होते."