हाक म्हणजे काय

गाडीची किल्ली हातात घेतली की अजूनही मला भीती वाटते. एकोणीस वर्षं झाली चालवतेय, तरी वाटते. सवयीनं भीती जाते म्हणतात. माझी गेली नाही, आणि जाऊही नये.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन म्हैसूरला आले ती पिढ्यान्‌पिढ्या इथंच रुजलेल्या मराठी घरात. घरात बोलायचे मराठीच, पण निम्मी कन्नड. ‘निधान’ म्हणजे सावकाश आणि ‘अवसर’ म्हणजे घाई, हे कळायला मला महिना लागला. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, “सारात मीठ हाक.” कन्नडात ‘हाकु’ म्हणजे घाल. आमच्याकडे हाकायचे ते बैल, नाहीतर गाडी. मी विचारलं, “मीठ कुठवर हाकू?” त्याही हसल्या. तेव्हा गंमतच वाटली होती.

सासऱ्यांना मी अप्पा म्हणते. मेटगळ्ळीच्या एका कारखान्याची बस त्यांनी आयुष्यभर चालवली, कुणाला साधा धक्काही न लावता. नवरा तापट, म्हणून अप्पांनीच मला बन्नूरच्या रस्त्यावर शिकवायला नेलं. त्यांचे नियम मोजकेच, पण रोज तेच. समोरची गाडी थांबली तर तिची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं लांब थांब. उसाच्या ट्रॅक्टरला चिकटू नको. आणि बस उभी असली की तिच्या पोटाखाली बघ.

“पाय दिसले की समजायचं, मनुष्य येतंय. निधान जा, बाई. अवसर काय हाय?”

त्या सकाळी डाव्या अंगाला बस उभी होती. मी तिच्या पोटाखाली पाहिलंच नाही. गिअर बरोबर पडला का, याच नादात होते. अप्पांनी पाहिलं. ते ओरडले, “हाक! हाक!”

त्यांना म्हणायचं होतं, ब्रेक घाल. रोज ते ‘ब्रेक हाक’ असंच म्हणत, आणि मला ते कळतही होतं. पण त्या क्षणी पहिला शब्द त्यांच्या तोंडातून निघालाच नाही, आणि माझ्या कानात माझे वडील बोलले. हाक म्हणजे चालव. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

बसच्या पुढून एक बाई येत होती. तिचा चेहरा मला दिसला, इतका जवळून की कपाळावरचं कुंकू फिसकटलेलं कळलं. अप्पांनी स्टिअरिंग ओढलं. डाव्या आरशावर काहीतरी खाडकन आपटलं. गाडी पलीकडच्या कडेला जाऊन बंद पडली, आणि मागं काय झालंय ते बघायला माझी मान वळेना. मी माणूस मारला, एवढंच डोक्यात होतं.

अप्पा उतरून गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात आरशाची काच होती. बाईच्या हातातला डबा उडाला होता. ती रस्त्यात बसून डब्याचं झाकण शोधत होती आणि आम्हाला शिव्या देत होती. त्या शिव्या ऐकून मी रडले. जिवंत होती ती.

“मी ब्रेक म्हटलं नव्हे काय?” अप्पांनी विचारलं.

“नाही. तुम्ही हाक म्हणालात.”

त्यांनी हातातली काच मागच्या सीटवर ठेवली. मला त्यांचा राग आला होता, त्यांच्या भाषेचा आला होता, आणि सगळ्यात जास्त माझा. पाय मीच बघायचे होते. त्या दिवसापासून गाडीत एकच शब्द ठरला: थांब. दुसरं काही ओरडायचं नाही.

आता अप्पांची नजर अधू झालीय, म्हणून लेकीला शिकवायला तिच्या शेजारी मी बसते. पहिल्याच दिवशी तिला सांगून ठेवलं होतं, मी फक्त ‘थांब’ म्हणेन.

गेल्या रविवारी त्याच रस्त्यावर डाव्या अंगाला बस उभी होती. तिच्या पोटाखाली मला दोन पाय दिसले, लहानसे, अनवाणी. आणि तोंडातून निघालं, “हाक! हाक!”

काय बोलले ते कानावर पडलं आणि मी डोळे गच्च मिटले. आता ती बाई, तो डबा, पुन्हा सगळं.

काहीच आपटलं नाही. डोळे उघडले तर गाडी बसच्या बरीच मागं उभी होती आणि एक पोरगी दप्तर सावरत रस्ता ओलांडत होती.

“ओरडतेस कशाला, आई?” लेक म्हणाली. “पाय मला केव्हाच दिसले होते.”

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय मॅटवर सगळा जोर लावून दाबलेला होता. माझ्या बाजूला ब्रेक नव्हताच.